डब्यावरचं नाव

इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश आहे, त्यात मी अधूनमधून लिहिते. विज्ञानात काम केलेल्या बायकांबद्दलच लिहिते. मुलगा म्हणतो, "आई, हे नसतं लचांड तुझ्या मागं कुणी लावलं?" त्याला काय सांगणार! एखाद्या बाईंची माहिती घ्यायला फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माहेरचं नाव काय हो तुमचं?" पलीकडची बाई "का हो?" म्हणून विचारते. संशोधनाचं विचारते म्हणाली आणि ही तर स्थळ बघायला बसल्यासारखी सुरू झाली, असं तिला वाटत असणार. पण हा प्रश्न मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत शिकले आणि तो शिकताना माझ्या चपला झिजल्या. त्यामुळं मी तो सोडत नाही.

तेव्हा स्टेशन रोडला एका सायकलच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आमचा म्हणजे सरांचा. मी तिथं शिकवायला होते. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळं माझं कॉलेज साताऱ्याला झालं होतं, वनस्पतिशास्त्र घेऊन. पुढं आम्ही परत सांगलीला आलो आणि पानाफुलांचा नाद सोडून मी कीबोर्ड बडवायला लागले. क्लासमध्ये नवं नवं इंटरनेट आलं होतं. फोन लागताना मोडेम असा काही किंचाळायचा की खालचा सायकलवाला पंक्चर काढता काढता वर बघून ओरडायचा, "लागलं का ओ?" लागलं की आम्हीपण वरून ओरडून सांगायचो. त्याला त्याचं काय कौतुक होतं कुणास ठाऊक, पण दिवसभर तो आमच्या फोनची काळजी करायचा.

सरांना एक वेड लागलं होतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा ज्ञानकोश करायचा आणि तो इंटरनेटवर चढवायचा. अमेरिकेत बसलेल्या माणसाला घरबसल्या कृष्णाकाठ दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अडचण अशी की आमची मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटायचीच नाहीत, नुसते चौकोन दिसायचे. मग आम्ही पान मराठीत टाइप करायचो, त्याचं चित्र करायचो आणि ते चित्र चढवायचो. ते बघायला उघडलं की वरून खाली एकेक ओळ अशी सावकाश उतरायची की मध्ये एक चहा व्हायचा. आता हसू येतं, पण तेव्हा ती ओळ उतरताना बघायला आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसायचो. तो आनंद मला पुन्हा कुठल्याच स्क्रीनसमोर झाला नाही.

रविवारी सकाळी कोशाची समिती बसायची. सर, मिरजेचे एक डॉक्टर आणि एक निवृत्त प्राचार्य. मध्ये पेपरावर भडंग ओतलेलं असायचं आणि बाजूला मी टाइप करायला. पैलवानांचं पान झालं, हळदीचं झालं, तासगावच्या बेदाण्याचं झालं, मिरजेच्या सतारींचं झालं. मग शास्त्रज्ञांचं पान आलं. नावं सांगितली जात होती, मी टाइप करत होते. उसावर काम केलेले, द्राक्षावर केलेले, परदेशी गेलेले, परदेशातून परत आलेले. पान भरत आलं तसं माझं डोकं तापत गेलं.

"सर, यात एकपण बाई नाही."

"असली तर घाल की," सर म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते भडंगातले शेंगदाणे वेचत होते.

प्राचार्य मात्र समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, त्या काळात आपल्याकडं बायका शास्त्रज्ञ कुठल्या असायला? नसताना कशा घालायच्या?"

मला राग पटकन येतो आणि आला की तोंड आधी चालतं. मी म्हणाले, "आहे एक. पुढच्या रविवारी आणते."

म्हणाले खरी, पण माझ्याजवळ होतं काय? एक आठवण. साताऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत वाळवलेल्या झाडांचं कपाट होतं. जाड कागदावर झाड चिकटवलेलं, खाली कोपऱ्यात झाडाचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव. सगळे कागद सरांचे, मास्तरांचे. त्यात एकाच कागदावर निळ्या शाईत एका मुलीचं नाव होतं. झाड तर इतकं लहान, की वाळलेला दोरा चिकटवलाय असं वाटावं. आमचे कॉलेजातले सर सांगायचे, "साताऱ्याच्या वरच्या पठारावर सापडलंय हे. कॉलेजातल्याच एका मुलीला. तोवर कुणी कुठं नोंदलेलं नव्हतं." तिच्या सरांनी आणि तिनं मिळून त्यावर लेखही छापला होता. ते नाव मला तेव्हापासून पाठ होतं. वर्गात कंटाळा आला की मी वहीच्या मागं माझं नाव तसंच वळणदार काढायची.

मी एस.टी.नं साताऱ्याला गेले. आमचे ते कॉलेजातले सर निवृत्त होऊन गावी गेले होते, पण प्रयोगशाळेतले मामा होते. नाव सांगताच ते खुलले.

"व्हय की! लय धडपडी पोरगी. पठारावर सहल गेली की बाकीच्या पोरी डबं उघडायच्या आन् ही कातळावर पालथी पडलेली. एकदा तर चिखलात अशी घसरली, आमी दोघांनी वडून काढली."

"आता कुठं असतात त्या?"

"आवं ताई, लगीन झालं की तवाच. एम.एस्सी. अर्ध्यातच ऱ्हायली. सांगलीकडं दिली म्हनत्यात. फुडचं काय मला ठावं न्हाई."

सांगलीकडं दिली! मला वाटलं, झालं काम. परत आल्यावर मी शोध सुरू केला. कॉलेजांतून विचारलं, मुलींच्या शाळांतून विचारलं, टेलिफोनची डिरेक्टरी चाळली, डॉक्टरांकरवी मिरजेत विचारलं. त्या नावाची बाई कुणाला माहीत नव्हती. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला. प्राचार्य येताना नुसते भुवया उडवायचे. मी चहाचे कप जरा जोरातच आपटायची.

शेवटी एका संध्याकाळी मी जेवणावर राग काढत बसले, तेव्हा आईनं विचारलं काय झालंय म्हणून. आई म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण, माझ्यापेक्षा आवाज मोठा. सगळं ऐकून ती पोळी लाटायची थांबली आणि हसत सुटली.

"माहेरचं नाव घेऊन सासरच्या गावात शोधतीयेस होय? अगं, आडनाव सोड, नावसुद्धा राहिलं असेल का तिचं?"

मला खरंच सुचलं नव्हतं. माझं लग्न व्हायचं होतं आणि आम्ही मैत्रिणींनी नाव बदलायचं नाही असं कधीच ठरवून टाकलं होतं. पण आईच्या वयाच्या बायकांचं तसं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, की झाली दुसरीच बाई. कागद साताऱ्याच्या कपाटात एका नावानं पडून आणि बाई सांगलीत दुसऱ्या नावानं भाजी घेतेय. डिरेक्टरीत तर तेही नाही, तिथं नवऱ्याचं. माझी आईसुद्धा आमच्या घरी आली ती दुसऱ्या नावानं. ते मला माहीत होतं. फक्त ते मी कधी शोधणाऱ्याच्या बाजूनं बघितलं नव्हतं.

"मग आता?"

"आता काय, संक्रांत झालीये, हळदीकुंकवं सुरू आहेत. नाव विचारू नकोस. सातारचं माहेर कुणाचं, एवढंच विचार."

त्या वर्षी मी आईबरोबर जितकी हळदीकुंकवं केली तितकी पुन्हा कधी केली नाहीत. एरवी मी असल्या गोष्टींना नाक मुरडायची. वाण घ्यायचं, तिळगूळ तोंडात टाकायचा आणि विचारायचं, सातारचं कोण? बायकांना एकमेकींची डिग्री माहीत नसते, पण माहेर चोख माहीत असतं. कुणाची सातारची जाऊ निघाली, कुणाची कऱ्हाडची विहीण. रथसप्तमीच्या सुमारास एकीनं सांगितलं, मिरजेत रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांच्या घरी सातारच्या काकू आहेत. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. "आणि बाई, कुंडीतलं गवत उपटू देत नाहीत कुणाला."

मी दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेले.

काकू उंच, सावळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाहेरच्या खोलीत काका पेपर वाचत होते. मी कॉम्प्युटर क्लासमधून आले म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी काहीतरी विकायला आलेय. काकूंनी आत नेलं, चहा टाकला आणि फळीवरून लाडवाचा डबा काढला. जुना स्टीलचा डबा, घासून घासून पांढरा पडलेला. झाकण माझ्या समोर होतं. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलं होतं ते नाव. माझं पाठ असलेलं नाव, आडनावासकट, आणि खाली 'वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणींकडून'.

मी ते मोठ्यानं वाचलं. काकूंच्या हातातली चिमट्यातली पातेली तशीच राहिली.

"किती वर्षांनी ऐकलं," त्या म्हणाल्या. "भाऊ होता तोवर तो हाक मारायचा. तो गेला, मग कुणी उरलं नाही."

मी साताऱ्याच्या कागदाबद्दल सांगितलं, तर त्या खुर्चीवर बसल्याच. तो कागद अजून आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. शाई उडाली का? फूल आहे का गळलं? मी सगळं सांगत गेले आणि त्या मुलीसारख्या ऐकत गेल्या. मग त्या बोलायला लागल्या. भाद्रपदात कातळावरच्या उथळ पाण्यात ते उगवायचं. फूल मुंगीएवढं. सगळे त्याला दुसऱ्याच एका झाडाचं पिल्लू समजायचे. काकूंनी पालथं पडून, नाक पाण्याला टेकेपर्यंत बघितलं, तर पाकळीचा ढंगच निराळा. त्यांचे सर आधी रागावले, मग स्वतः पालथे पडले. "त्या दिवशी मला वाटलं, आपलं आता हेच. जन्मभर हेच करायचं," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

मी कोशाचं सांगितलं. तुमचं पान करायचंय म्हटलं. त्या लगेच हो म्हणाल्या आणि लगेच मागेही सरल्या.

"नाव कुठलं घालशील?"

"तुम्ही सांगाल ते."

"हे आत्ताचं घातलंस तर खोटं होईल गं. त्या कातळावर ही बाई नव्हतीच. आणि ते घातलंस तर..." त्यांनी बाहेरच्या खोलीकडं बघितलं. "हे नाव ह्यांनी ठेवलंय. हौसेनं. महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं म्हणे. वाईट मनाचे नाहीत ते. शाळेची नोकरी त्यांनीच करू दिली. म्हातारपणी त्यांना वाटायला नको, की हिला आपण दिलेलं टोचत होतं."

"आणि टोचत होतं का?"

"नाव नाही टोचत," त्या म्हणाल्या. "पण ते जुनं माझं होतं. ते छापून आलं होतं."

शेवटी त्यांनीच ठरवलं. वर जुनं नाव, खाली आत्ताचं. मी उड्या मारतच सांगलीला आले. पण समितीत माशी शिंकलीच. प्राचार्य म्हणाले, "लेखातली मुलगी आणि ह्या बाई एकच, याला पुरावा काय? उद्या कुणीही उठून म्हणेल, मीच ती. आणि घालायचंच तर सौभाग्यवती म्हणून रीतसर, यजमानांच्या नावासकट घाला. आपल्याकडची पद्धत आहे ती." मी म्हणाले, झाडाचा शोध यजमानांनी लावलेला नाही. सर म्हणाले, "जरा दमानं घे गं." डॉक्टरांनी भडंगाचा कागद माझ्याकडं सरकवला. पुरावा आणायचा, यावर ते मिटलं.

मी मिरजेला जाऊन काकूंना हे सांगितलं. साताऱ्याच्या मामांना लग्नापुढचं काही ठाऊक नव्हतं, काकूंच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं आणि लग्नाचा कागद हवा तर तो काकांच्या कपाटात. काकूंनी ऐकून घेतलं, पदराला हात पुसले. "राहू दे मग," म्हणाल्या. "इतकी वर्षं राहिलंच होतं की." बाहेरच्या खोलीत काका पेपरात डोकं घालून बसले होते. मी निघाले तरी त्यांनी वर बघितलं नाही. मला त्यांचा इतका संताप आला, की चपला घालताना मी मुद्दाम आवाज केला.

त्या रविवारी मी समितीत तोंड पाडून बसले होते. एवढ्यात खालून सायकलवाल्याची हाक आली, "ओ मॅडम, पाहुणं आल्यात!" जिना चढून काका आले. धाप लागलेली, हातात कापडी पिशवी. त्यांनी कुणाशी ओळखपाळख केली नाही. पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर, भडंगाच्या शेजारी ठेवला.

"पुरावा पाहिजे म्हणत होता ना? हा घ्या."

प्राचार्यांनी चष्मा चढवला, झाकण फिरवून फिरवून वाचलं. "भांडं हा काय पुरावा..." असं ते म्हणतायत तोच डॉक्टर म्हणाले, "राव, सख्ख्या भावांच्या वाटण्या भांड्यांवरची नावं वाचून होतात आपल्याकडं. मग एका पानाला एवढं पुरत नाही?" सर हसले. प्राचार्यही हसले, मोठ्या मनानं हसले, हे कबूल केलं पाहिजे.

काका हसले नाहीत. ते माझ्याकडं बघून बोलायला लागले. "लग्नानंतर मी हा डबा भांडीवाल्याकडं नेला होता. म्हटलं, हे नाव घासून काढ आणि नवं घाल. तो म्हणाला, घासला तर पत्रा पातळ होईल, डबा वाया जाईल. म्हणून परत आणला." त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. "हिनं विचारलं होतं, कुठं नेला होतात. मी म्हटलं, कल्हईवाल्याकडं. स्टीलला कल्हई! ती काही बोलली नाही."

मी कॉम्प्युटरकडं वळले. पान तर मी कधीच करून ठेवलं होतं. ते चढवलं आणि काकांना खुर्ची ओढून दिली. उघडायला लागलं तशी वरून एकेक ओळ उतरू लागली. सगळ्यात आधी जुनं नाव आलं. काका पुढं वाकून ते ओठ हलवत वाचत राहिले. खालची ओळ येईपर्यंत त्यांना दुसरं बघायला काहीच नव्हतं.

"या नावानं मी तिला कधी हाकच मारली नाही," ते म्हणाले.

डबा फोटोसाठी आमच्याकडं राहिला. आठवड्यानं मी तो परत द्यायला निघाले तर आईनं आधी काढून घेतला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. तिनं त्यात भडंग भरलं, घरी केलेलं, लसूण जास्त घालून.

पुढं तो कोश फार टिकला नाही. सर पुण्याला गेले, क्लास बंद पडला, पानं कुठल्या कुठं गेली. काकूंचं पान मी अलीकडं पुन्हा लिहिलंय, नव्या ज्ञानकोशात, दोन्ही नावांनिशी. तिथं आता मराठी अक्षरं नीट उमटतात आणि काही किंचाळत नाही. इथं मात्र मी त्यांचं नाव लिहीत नाही. ते त्यांच्या पानावर आहे तेवढं बास. पण मला ती दुपार आठवते. मी मिरजेच्या त्या स्वयंपाकघरात बसले होते, काकू डब्यातलं भडंग ताटलीत काढत होत्या. बाहेरच्या खोलीतून काकांनी हाक मारली. जुन्या नावानं. जरा अडखळत, नवीन शब्द म्हणून बघावा तशी.

काकूंचं लक्षच नव्हतं. त्यांनी वरून शेव भुरभुरली.

काकांनी पुन्हा हाक मारली, आता मोठ्यानं.

"कोण आलंय गं?" काकूंनी मला विचारलं. "कुणाला बोलावतायत?"

"कुणी नाही आलं," मी म्हणाले. "तुम्हालाच बोलावतायत."

काकूंनी ताटली खाली ठेवली. थोडा वेळ त्या दाराकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग पदर नीट करून त्यांनी "ओ!" दिली आणि बाहेर गेल्या.